हेगमधला वहिवाटीचा दावा

वहिवाटीचा दावा म्हणजे काय, हे गावाकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. माझ्या शेताला तुझ्या बांधावरून वाट आहे, माझा आजा याच वाटेने बैल नेत होता, असे एकजण म्हणतो. दुसरा म्हणतो, नेत होता, पण माझ्या आज्याला विचारून नेत होता. सगळा खटला या दोन वाक्यांत सामावलेला असतो. विचारून गेला असेल तर ती परवानगी. न विचारता, हक्काने, वर्षानुवर्षे गेला असेल तर ती वहिवाट. मामलतदाराच्या कचेरीत असे दावे पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत.

असाच एक दावा १९५५ ते १९६० या काळात नेदरलँड्समधल्या हेग शहरात, संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर चालला. वादी पोर्तुगाल, प्रतिवादी भारत. वाट होती दमणहून दादरा आणि नगर हवेलीला जाणारी. पुराव्याच्या तळाशी होते पेशवे दरबाराचे कागद.

आधी जमीन समजून घ्यायला हवी. दमण समुद्रकाठी. दादरा आणि नगर हवेली त्याच्या पूर्वेला, आत डोंगराकडे. तिन्ही ठिकाणी पोर्तुगीजांचा अंमल, पण मधला पट्टा आधी मराठ्यांचा, मग १८१८ नंतर इंग्रजांचा आणि १९४७ नंतर भारताचा. दमणच्या गव्हर्नरला स्वतःच्याच ताब्यातल्या, नगर हवेलीतल्या सिल्व्हासाला जायचे तर दुसऱ्याच्या मुलखातून जावे लागे. दादऱ्याला चारी बाजूंनी भारत, नगर हवेलीलाही भारत. वारली, कोकणा, धोडिया या आदिवासी समाजांची ही भूमी.

२१ जुलै १९५४च्या रात्री ‘युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स’च्या कार्यकर्त्यांनी दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर चाल केली आणि सकाळपर्यंत दादरा मुक्त झाले. आठवडाभरात आझाद गोमंतक दल आणि इतर स्वयंसेवकांनी नरोली घेतली, आणि २ ऑगस्टला सिल्व्हासावर तिरंगा चढला. या लढ्याच्या तयारीत संगीतकार सुधीर फडके पुढे होते, आणि लता मंगेशकरांच्या गाण्याच्या कार्यक्रमातून त्यासाठी पैसा उभा राहिला होता. ही कथा महाराष्ट्रात पुष्कळदा सांगितली गेली आहे. तिचा पुढचा भाग मात्र क्वचितच कोणी सांगतो, कारण त्यात बंदुका नाहीत, कागद आहेत.

दादरा पडल्यावर पोर्तुगालने भारताकडे वाट मागितली. आमचे सैनिक, पोलीस, निदान आमचे प्रतिनिधी तरी जाऊ द्या. भारताने नकार दिला. वर्षभर दोन्ही सरकारांत पत्रांची देवाणघेवाण होत राहिली. मग १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. पाच दिवसांनी, १९ डिसेंबरला, त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सक्तीचे अधिकारक्षेत्र मान्य करणारे घोषणापत्र दाखल केले. आणि आणखी तीन दिवसांनी, २२ डिसेंबरला, भारताविरुद्ध दावा ठोकला.

आठ दिवसांत तीन पावले. लिस्बनच्या वकिलांनी वेळ कशी साधली होती ते यावरून दिसते. भारत १९४० सालच्या एका घोषणापत्राने या न्यायालयाला बांधलेला होता. ते घोषणापत्र इंग्रजी राजवटीतले, पण स्वतंत्र भारताने ते पुढे चालू ठेवले होते. पोर्तुगालने स्वतःचे घोषणापत्र दिल्याबरोबर दोघे एका पातळीवर आले आणि दार उघडले. भारताने ७ जानेवारी १९५६ रोजी जुने घोषणापत्र मागे घेऊन नवे दिले खरे, पण एकदा न्यायालयात दाखल झालेला दावा अशा माघारीने निकालात निघत नाही.

आता भारतापुढे प्रश्न होता. जायचे की नाही?

न जाण्याचा मोह मोठा असणार. न्यायपीठावर युरोप-अमेरिकेची छाया मोठी, समोर वसाहतवादी सत्ता, आणि दादरा तर आधीच हातात. शिवाय भारतातल्या माणसांची हेगशी जी जुनी ओळख होती ती कडू होती. ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकरांनी मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीतून उडी मारली, फ्रेंच किनारा गाठला, आणि तिथे पकडून त्यांना पुन्हा इंग्रजांच्या हवाली करण्यात आले. तो वाद याच शहरात लवादापुढे आला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी लवादाने सांगितले, हवाली करण्यात अनियमितता झाली असली तरी ब्रिटनवर सावरकरांना परत देण्याचे बंधन नाही. त्या वादात पक्षकार दोन, ब्रिटन आणि फ्रान्स. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता त्याला तिथे बोलण्याची जागाच नव्हती.

१९५५ साली फरक एवढाच, आणि हा फरक फार मोठा, की भारत आता वादाचा विषय राहिला नव्हता. तो पक्षकार झाला होता. भारताने हेगला जायचे ठरवले आणि आपला सर्वोच्च कायदा अधिकारी पाठवला.

मोतीलाल चिमणलाल सेटलवाड. जन्म अहमदाबादचा, कर्तृत्व मुंबई उच्च न्यायालयातले. १९३७ ते १९४२ मुंबई प्रांताचे ॲडव्होकेट जनरल, १९५० पासून प्रजासत्ताक भारताचे पहिले ॲटर्नी जनरल. १९४७ साली लाहोरला पंजाब सीमा आयोगापुढे काँग्रेसची बाजू त्यांनी मांडली होती. मुस्लीम लीगतर्फे तेव्हा समोर उभे होते जफरुल्ला खान. पुढच्याच वर्षी काश्मीरच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांत दोघे पुन्हा समोरासमोर आले. आणि १९५९ साली सेटलवाड हेगमध्ये दादऱ्याच्या दाव्याच्या गुणदोषांवर बोलायला उभे राहिले, तेव्हा पंधरा न्यायाधीशांच्या त्या पीठावर उपाध्यक्ष म्हणून बसलेले होते तेच जफरुल्ला खान. कालचा विरुद्ध पक्षाचा वकील आजचा न्यायाधीश. आंतरराष्ट्रीय न्यायाची इमारत अशा माणसांच्याच भरवशावर उभी असते, ज्यांनी काल एका ध्वजाखाली उभे राहून युक्तिवाद केला आणि आज कोणत्याही ध्वजाशिवाय निवाडा द्यायचा आहे.

भारताच्या बाजूचे बाकीचे वकील पाहिले तर ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. सर फ्रँक सॉस्किस हे ब्रिटनचे माजी ॲटर्नी जनरल आणि मजूर पक्षाचे खासदार. पोर्तुगाल हा इंग्लंडचा सर्वांत जुना मित्र, दोघांतला विंडसरचा तह १३८६ सालचा. तरी एक इंग्रज बॅरिस्टर त्या मित्राविरुद्ध आणि कालपर्यंतच्या वसाहतीच्या बाजूने उभा राहिला. १९५१ साली याच न्यायालयात त्याने इराणविरुद्ध ब्रिटनच्या तेलाची बाजू मांडली होती. त्याच्या शेजारी बसले होते बेल्जियमचे आंरी रोलँ, ज्यांनी १९५२ साली त्याच तेलाच्या वादात इराणचे वकीलपत्र घेऊन ब्रिटनचा दावा अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर परतवला होता. तिसरे ऑक्सफर्डचे हम्फ्री वॉल्डॉक, चौथे जिनिव्हाचे पॉल गुगेनहाइम. पोर्तुगालतर्फे लिस्बनच्या विधी विद्याशाखेचे प्रमुख इनोसेन्सियो गाल्व्हाँव तेलेस, आणि त्यांच्या जोडीला मोरिस बुर्केँ व पिएर लालिव्ह, दोघेही जिनिव्हात शिकवणारे. म्हणजे एकाच शहरातले प्राध्यापक समोरासमोर उभे होते.

हे भाडोत्रीपण नव्हे. हा वकिलीचा जुना आणि अवघड धर्म आहे. पक्षकार कोण, त्याचा देश कोणता, त्याच्याशी आपल्या सरकारचे कसे आहे, हे न पाहता त्याची बाजू पूर्ण ताकदीने मांडायची, आणि त्याच वेळी न्यायालयाला फसवायचे नाही. जिल्हा न्यायालयात हा नियम मोडला तर बार कौन्सिल आहे. हेगमध्ये तसले काही नव्हते. तिथे वकिलाला आवर घालणारी गोष्ट एकच, ती म्हणजे त्याचा स्वतःचा शब्द. रोलँ आणि वॉल्डॉक पुढे दोघेही युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे अध्यक्ष झाले, आणि वॉल्डॉक नंतर याच आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या शब्दाला किती वजन होते, याची ती पावतीच म्हणायची.

पहिली फेरी भारत हरला. सेटलवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा प्राथमिक हरकती घेतल्या. त्यांतली एक अगदी पटण्यासारखी होती. पोर्तुगालने घोषणापत्र दिले आणि तीन दिवसांत दावा केला, भारताला त्या घोषणापत्राची खबर मिळण्याआधीच, ही कसली बरोबरी? २६ नोव्हेंबर १९५७च्या निकालात न्यायालयाने ही हरकत फेटाळली. घोषणापत्र संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे पोचले की ते लागू, दुसऱ्याला कळले की नाही याची वाट पाहायची नाही. आणखी तीन हरकती गेल्या, उरलेल्या दोन मूळ सुनावणीबरोबर ऐकायच्या ठरल्या. या धड्याचा वण अजून दिसतो. भारताच्या १९७४ सालच्या आणि २०१९ सालच्या घोषणापत्रांत अट आहे की, ज्या देशाने न्यायालयाचे अधिकारक्षेत्र बारा महिन्यांच्या आत मान्य केले असेल त्याचा दावा भारताला बांधणार नाही. ब्रिटननेही तशीच अट घातली.

हरल्यावर भारताने काय केले, हे जास्त महत्त्वाचे. त्या काळात हरल्यावर न्यायालयाकडे पाठ फिरवणे काही नवे नव्हते. भारत परत आला. प्रतिउत्तर दिले, प्रत्युत्तराला उत्तर दिले, नकाशे, तह, पत्रे, जकातीचे नियम असा सगळा ऐवज न्यायालयापुढे मांडला. आणि दुसरी एक गोष्ट केली, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. जानेवारी १९५६च्या घोषणापत्रात भारताने एक पळवाट ठेवली होती. एखादा विषय आपल्या अंतर्गत अखत्यारीतला आहे की नाही, हे भारत सरकारच ठरवेल, असे तिचे म्हणणे. म्हणजे स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश. ही युक्ती अमेरिकेने सुरू केलेली आणि इतर देशांनी उचललेली. जुलै १९५७ मध्ये नॉर्वेच्या कर्जाच्या खटल्यात न्यायमूर्ती हर्श लाउटरपाख्त यांनी बजावले की अशी अट असलेले घोषणापत्र मुळात निरर्थक आहे. सप्टेंबर १९५९ मध्ये, दादऱ्याची मूळ सुनावणी सुरू होण्याच्या सुमारास, भारताने नवे घोषणापत्र दिले आणि त्यातून ती पळवाट काढून टाकली. दावा अंगावर असताना, एक फेरी हरलेली असताना, एका तरुण प्रजासत्ताकाने न्यायालयापुढची आपली ढाल स्वतःहून खाली ठेवली. या खटल्यातली ही सर्वांत अभिमानाची घटना आहे, आणि तिचा पोवाडा कोणी गायलेला नाही.

आता कागदांकडे येऊ. पोर्तुगालचा पहिला आधार होता १७७९ सालचा तह. तेव्हा सवाई माधवराव पाच वर्षांचे, कारभार नाना फडणिसांच्या हाती, आणि इंग्रजांशी युद्ध पेटलेले. पोर्तुगीज शत्रूच्या गोटात जाऊ नयेत, त्यांच्याशी स्नेह राहावा, म्हणून पेशव्यांनी दमणजवळच्या मुलखातून वर्षाला बारा हजार रुपयांचे उत्पन्न त्यांना द्यायचे कबूल केले. गावे प्रत्यक्ष ताब्यात गेली ती पुढे, १७८३ आणि १७८५ सालच्या सनदांनी. पोर्तुगालचे म्हणणे असे की या तहाने आम्हाला गावांचे सार्वभौमत्व मिळाले, आणि सार्वभौमत्व मिळाले तर तिथे पोचण्याची वाटही त्यातच आली.

इथे भारताच्या वकिलांनी दोन युक्तिवाद केले, आणि ते दोन्ही सारख्या मोलाचे नव्हते.

पहिला असा की हा तह कायद्याच्या दृष्टीने कधी तह झालाच नाही. त्याचे वेगवेगळे पाठ एकमेकांशी जुळत नाहीत, दोन्ही पक्षांनी अधिकृत मानलेला एकही पाठ नाही. वकील म्हणून हा मुद्दा घेणे चूक नव्हते, हरकत घेण्याचा त्यांना अधिकार होता. पण पुण्याच्या दरबाराने केलेला करार करारच नव्हता, असे स्वतंत्र भारताने परक्या पीठापुढे सांगावे, हे मनाला लागते. न्यायालयाने तो मुद्दा मानला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात झालेला तह नंतरच्या काळात हळूहळू घडत गेलेल्या रिवाजांच्या मापाने मोजू नये, असे त्याने म्हटले. मराठ्यांनी तो तह स्वतःवर बंधनकारक मानला आणि तसे ते वागले, तेव्हा तो तह आहे. मराठी राज्याच्या शब्दाची ही कदर युरोपात बसलेल्या न्यायाधीशांनी केली.

दुसरा युक्तिवाद मात्र भारताच्या बाजूचा खरा कस होता. तह असो, पण त्या तहाने दिले काय? भारताच्या बाजूने मराठ्यांचे इतर तह पुढे आले. जिथे मराठ्यांना मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे तिथे ते तसे स्पष्ट लिहीत. इथे तशी भाषा नाही. इथे आहे ते उत्पन्न तोडून देणे, आणि त्याला मराठ्यांच्या राज्यकारभारात नावे होती: जहागीर, सरंजाम. सरंजामदार महसूल घेतो, व्यवस्था ठेवतो, पण मुलूख धन्याचाच राहतो. सनदेत पोर्तुगीजांना गावांतले बंड मोडण्याचा अधिकार दिला आहे, त्यावर पोर्तुगाल बोट ठेवत होता. पण ज्याचे सार्वभौमत्व आहे त्याला बंड मोडण्याची सनद लागते कशाला? तो अधिकार पेशव्यांच्या वतीने वापरायचा होता.

न्यायालयाला हे पटले. सरंजाम किंवा जहागीर म्हणजे सार्वभौमत्वाचे दान, असा अर्थ लावल्याचे एकही उदाहरण दाखवण्यात आले नाही, असे निकालपत्रात नमूद झाले. ‘सरंजाम’ हा शब्द सातारा-पुण्याच्या दफ्तरांतून निघून आंतरराष्ट्रीय कायद्याच्या निकालसंग्रहात जाऊन बसला, तो असा. आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे तोवर बहुतेक युरोपीय दरबारांच्या भाषेतला कायदा. इतरांचे करार त्याच्या साच्यात बसले तर करार, नाही तर स्थानिक चालीरीती. त्या साच्यात जो शब्द नव्हता तो त्याच्या पूर्ण अर्थासह न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवणे, आणि याचा अर्थ तुमच्याकडच्या अमुक शब्दासारखा नाही, आमच्या राज्यात याचा अर्थ असा होता, हे कागदानिशी पटवणे, हे काम वकिलांचे. या माणसांनी ते केले.

पण या विजयाला मर्यादा होती, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ती मोठी होती. १८१८ नंतर इंग्रजांनी या गावांवरचे पोर्तुगीज सार्वभौमत्व प्रत्यक्षात मान्य केले, आणि १९४७ नंतर भारतानेही न बोलता तसेच चालू दिले, असे न्यायालय म्हणाले. म्हणजे मराठ्यांनी न दिलेले इंग्रजांच्या मूक संमतीने मिळाले. आणि या काळात वाटेवर काय घडले, याच्यावर दाव्याचा उरलेला भाग येऊन टेकला.

इथून पुढे हा शुद्ध वहिवाटीचा खटला आहे. पोर्तुगालने अनेक देशांचे कायदे धुंडाळून दाखवले की चारी बाजूंनी वेढलेल्या जमिनीला वाट देण्याचे तत्त्व जगभर आहे. न्यायालयाने तिकडे जाण्याची गरजच मानली नाही. या दोघांमध्ये या वाटेवर काय चालत आले आहे, तेवढे पाहू, असे त्याने ठरवले. दोन देशांपुरतीही रूढी असू शकते, फक्त दोघांमधली, हा सिद्धान्त या खटल्याने पक्का केला. जगातल्या विधी महाविद्यालयांत आजही विद्यार्थी हा खटला वाचतात तो यासाठी.

मग पाहणी सुरू झाली. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी, माल: सव्वाशे वर्षांहून जास्त काळ बिनरोक जात-येत होते, जकात आणि नेहमीची तपासणी सोडली तर कोणी अडवले नव्हते. ही वहिवाट. सैन्य आणि पोलिसांचे मात्र तसे नव्हते. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज तहात लिहिले होते की एकाच्या फौजेने दुसऱ्याच्या मुलखात रीतसर विनंतीशिवाय जाऊ नये. १९२०च्या समझोत्यात सशस्त्र पोलिसांवर तशीच बंधने. १९४०च्या समझोत्यात दमण ते नगर हवेली या रस्त्यासाठी खास तरतूद: तुकडी दहापेक्षा मोठी नसेल तर गेल्यावर चोवीस तासांत कळवा, मोठी असेल तर आधी संमती घ्या.

आणि एक पत्र होते. १८९० साली मुंबई सरकारने तक्रार केली की पोर्तुगीज हत्यारबंद माणसे न विचारता इंग्रजी हद्दीतून गेली. २२ डिसेंबर १८९० रोजी पोर्तुगीज हिंदुस्थानच्या गव्हर्नर जनरलने उत्तर दिले, आमचे सैन्य पूर्वपरवानगीशिवाय इंग्रजी हद्द कधीच ओलांडत नाही. तक्रारीचे निवारण करण्यासाठी त्याने हे लिहिले असणार, आणि त्या दिवशी ते पुरेसेही असेल. पण सत्तर वर्षांनी तेच पत्र त्याच्याच देशाच्या दाव्यावर उलटले. माझ्या आज्याला विचारून नेत होता, हे समोरच्याच्या आज्याच्याच अक्षरात सापडावे तसे. पत्र दाव्यात आले, त्याचा सरळ अर्थ मान्य झाला.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. अध्यक्ष नॉर्वेचे हेल्गे क्लेस्टाड. अकरा विरुद्ध चार मतांनी: १९५४ साली पोर्तुगालला खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क होता, भारताच्या नियंत्रणाच्या अधीन. आठ विरुद्ध सात मतांनी: सैन्य, सशस्त्र पोलीस, हत्यारे आणि दारूगोळा नेण्याचा हक्क नव्हता. नऊ विरुद्ध सहा मतांनी: पहिल्या हक्काबाबतही भारताने आपले बंधन मोडलेले नाही. २१ जुलै १९५४ पर्यंत दमणच्या गव्हर्नरला दादऱ्याला जाण्याचे परवाने मिळत होते. दादऱ्यात सत्ता उलथल्यावर सीमेवर जो तणाव झाला, त्यात वाट रोखणे हे नियंत्रणाच्या अधिकारात बसते.

आठ विरुद्ध सात. एका मताने.

या पंधरा मतांत एक मत महंमद करीम छागला यांचे होते. ज्या देशाचा न्यायाधीश पीठावर नसतो त्याला त्या दाव्यापुरता आपला न्यायाधीश नेमता येतो. भारताने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांना नेमले, पोर्तुगालने मानुएल फर्नांदिस यांना. दोघांनीही विरोधी निकालपत्रे लिहिली, विरुद्ध टोकांवरून. छागलांची विद्वत्ता आणि करारीपणा याबद्दल मुंबईत दुमत नव्हते. पण दावा चालू असतानाच, १९५८ साली, ते अमेरिकेत भारताचे राजदूत झाले. निकालाच्या दिवशी ते एकाच वेळी भारत सरकारचे राजदूत आणि भारताविरुद्धच्या दाव्यातले न्यायाधीश होते. न्यायालयाच्या नियमाने कायम न्यायाधीशाला कोणतेही राजकीय पद घेता येत नाही. दाव्यापुरत्या न्यायाधीशाला हा नियम लागू केलेला नाही, म्हणून नियमभंग झाला नाही. तरी हे व्हायला नको होते. त्याच १९५८ साली सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात, न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पदे घेणे योग्य नाही, असे म्हटले होते. छागला स्वतः त्या आयोगाचे सदस्य होते. न्याय झाला एवढे पुरत नाही, तो निःशंकपणे झाला असे समोरच्या देशालाही वाटले पाहिजे, आणि ही काळजी जिंकणाऱ्या पक्षाच्या माणसांनी जास्त घ्यायची असते.

आणखी एक गोष्ट त्या शांत सभागृहात कोणी बोलले नाही. पोर्तुगालला जेवढा हक्क मिळाला तो मिळाला कशामुळे? सामान्य माणसे आणि माल सव्वाशे वर्षे जात-येत होता म्हणून. म्हणजे ज्यांनी बाजाराला, मजुरीला, सोयऱ्यांकडे जाताना ती वाट तुडवली, त्यांच्या पायांनी तो पुरावा तयार झाला होता. वारल्यांच्या आणि धोडियांच्या पायांनी. दोन्ही बाजूंच्या वकिलांपैकी एकाकडेही त्यांचे वकीलपत्र नव्हते, कारण त्या न्यायालयात पक्षकार फक्त राज्येच होऊ शकतात. सावरकरांच्या वेळी जे एका माणसाचे झाले तेच १९६० साली एका संपूर्ण समाजाचे झाले. हा दोष सेटलवाडांचा नाही आणि गाल्व्हाँव तेलेस यांचाही नाही. पण तो दोष आहे, आणि आंतरराष्ट्रीय न्यायाची बढाई मारताना तो लपवता कामा नये.

निकालानंतरचा इतिहास सरळ रेषेत गेला नाही. ऑगस्ट १९६१ मध्ये दहाव्या घटनादुरुस्तीने दादरा आणि नगर हवेली भारतात आले. त्याच वर्षी डिसेंबरात भारतीय सैन्य गोवा, दमण आणि दीवमध्ये शिरले आणि १९ डिसेंबरला पोर्तुगीज राजवट संपली. सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्य देशांनी भारताविरुद्ध ठराव आणला, सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला. साडेचारशे वर्षांची वसाहत संपली पाहिजे होती, याबद्दल गोव्यात आणि महाराष्ट्रात कोणाच्या मनात शंका नव्हती, आजही नाही. पण ज्या देशाने दीड वर्षापूर्वी एका रस्त्याच्या प्रश्नावर न्यायालयापुढे धीराने चार वर्षांहून अधिक काळ घालवला होता, त्याने मोठा प्रश्न शेवटी सैन्याने सोडवला, हेही खरे आहे. लिस्बनमध्ये हुकूमशहा सालाझार बोलणीच करायला तयार नव्हता, तेव्हा कायद्याच्या माणसांना करण्यासारखे फार काही उरले नव्हते.

मग लिस्बनच बदलले. २५ एप्रिल १९७४ रोजी तिथली हुकूमशाही कोसळली. नव्या सरकारचे परराष्ट्रमंत्री मारियो सुआरेस हे व्यवसायाने वकील. सालाझारच्या काळात त्यांनी राजकीय कैद्यांची वकीलपत्रे घेतली होती, मारल्या गेलेल्या विरोधी नेत्याच्या, जनरल उंबेर्तू देलगादू यांच्या, कुटुंबाचे वकीलपत्र घेतले होते, आणि त्यापायी तुरुंग आणि हद्दपारी भोगली होती. ३१ डिसेंबर १९७४ रोजी ते दिल्लीत आले आणि तहावर सही केली. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचे भारताचे सार्वभौमत्व, ती ती ठिकाणे भारतीय राज्यघटनेनुसार भारतात आली त्या दिवसांपासून, पोर्तुगालने या तहाने मान्य केले. भारतातर्फे सही होती परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांची. पुण्यातून कायद्याची पदवी घेऊन ज्यांनी कराडला वकिली सुरू केली होती, ते चव्हाण.